दुपारी दोन वाजताही टेकडी दिसत नव्हती : मुंबईचा २०२२-२३ चा हिवाळा

हवेची चिंता करणं हे दिल्लीकरांचं काम, असं मुंबईत बरीच वर्षं धरून चाललं होतं. "आपल्याला समुद्र आहे" एवढं म्हटलं की विषय मिटायचा. हा भरवसा अगदीच पोकळ नव्हता. शाळेच्या भूगोलात आपण सगळेच शिकलो : दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमीन लवकर निवते म्हणून मतलई वारे समुद्राकडे जातात. मुंबईची हवा वर्षानुवर्षं या ये-जा करण्यावरच धुतली जात आली आहे. कारखाने होते, ट्रॅफिक होता, देवनारचा कचरा होता, तरी दुपारचा वारा सुटला की शहर मोकळं व्हायचं.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात हा भरवसा मोडला. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शहरावर एक राखाडी थर पुन्हा पुन्हा येऊन बसत राहिला. डिसेंबर आणि जानेवारीत हवा गुणवत्ता निर्देशांक काही दिवस ३०० च्या वर, म्हणजे 'अतिखराब' वर्गात गेला. त्या दिवसांत दिल्लीपेक्षा मुंबईचा आकडा मोठा असल्याच्या बातम्या आल्या आणि त्या वाचून लोकांना आधी खोट्याच वाटल्या.

हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा तपासतो ते यासाठी, की त्या हिवाळ्यात बिघडलेल्या हवेची चिन्हं पहिल्या आठवड्यापासून प्रत्येकाच्या खिडकीत होती. ती दिसली, त्यांचे फोटोही काढले गेले. वाचली मात्र चुकीची गेली. सगळे विचारत होते, 'किती दाट आहे?' माझं म्हणणं असं की त्याहून उपयोगी प्रश्न 'किती वाजेपर्यंत टिकतंय?' हा होता, आणि आजही आहे.

"काय मस्त धुकं पडलंय"

डिसेंबरात मरीन ड्राइव्हवरचे, वांद्रे-वरळी सागरी सेतूचे फोटो फिरत होते. पुलाचे तारांचे खांब अर्धे गायब, मागे वरळीचे टॉवर नुसत्या सावल्या. खाली लोकांनी कौतुकाने लिहिलेलं असायचं : मुंबईचं महाबळेश्वर झालं. जानेवारीत सांताक्रूझचा पारा १५ अंशांच्या खाली उतरला तेव्हा तर या कौतुकाला आधारच मिळाला. थंडी आली, म्हणजे धुकंही आलंच.

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हवा जवळजवळ पूर्ण दमट झाल्याशिवाय ते होत नाही. दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली तरच हवामान खातं त्याला धुकं म्हणतं. त्याचा रंग पांढरा असतो. त्यात उभं राहिलं की केसांना, चष्म्याच्या काचेला ओल लागते, स्कूटरच्या सीटवर पाणी दिसतं. आणि ऊन चढलं की थेंबांची वाफ होऊन ते नऊ-दहापर्यंत विरतं.

त्या हिवाळ्यात मुंबईवर बसलेला थर पिवळट-राखाडी होता. स्कूटरची सीट कोरडी असायची, तिच्यावर पाण्याऐवजी भुकटी असायची. ऊन चढल्यावर तो पातळ व्हायचा, पण जायचा नाही. धूर, धूळ आणि वायूंपासून बनलेल्या सूक्ष्म कणांनी अडवलेला उजेड होता तो. यातले बरेच कण हवेतली ओल शोषून फुगतात, त्यामुळे पहाटेच्या दमट हवेत तेवढेच कण जास्त गडद दिसतात. म्हणून सकाळी सातचं दृश्य पाहून काहीच ठरवता येत नाही. धुकं असेल, धुरकं असेल, दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतील.

निवाडा दुपारी होतो. दुपारी दोनच्या सुमाराला तीन गोष्टी एकदम जुळून येतात. हवेतली ओल दिवसातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या आसपास असते, म्हणजे कण फुगलेले नसतात. तापलेल्या जमिनीमुळे हवा वरपर्यंत ढवळली जाते. आणि हिवाळ्यात उशिरा सुटणारा खारा वारा तोवर आत शिरलेला असतो. तिन्ही गोष्टी आपल्या बाजूने असतानाही समोरचं दिसत नसेल, तर हवेत कणांचा साठा मोठा आहे आणि तो कुठेही हललेला नाही.

मी भांडुपला राहतो. आमच्या गच्चीवरून पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाची टेकडी दिसते. तिच्या अलीकडे मोबाइलचा टॉवर, आणि त्याच्याही अलीकडे शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी. विमानतळावरचे हवामान निरीक्षक दृश्यमानता मोजायला पूर्वापार हेच करत आले आहेत : ठराविक अंतरावरच्या खुणा धरायच्या आणि कुठली दिसते, कुठली नाही ते लिहायचं. त्या जानेवारीत दुपारी दोनला टाकी स्पष्ट, टॉवर फिकट आणि टेकडी नाही, असे दिवस सलग गेले. एरवी त्या टेकडीवरची झाडीसुद्धा वेगळी ओळखू येते. नरिमन पॉइंटला राहणाऱ्यांना मलबार हिलचं राजभवनाचं टोक आहे, सरळ रेषेत साधारण साडेतीन किलोमीटरवर. कुर्ला-चेंबूरवाल्यांना तुर्भ्याची टेकडी आहे. प्रत्येक घराला अशी एखादी खूण सापडतेच.

या परीक्षेची मर्यादाही सांगायला हवी. टेकडी दिसली नाही म्हणजे हवा नक्की वाईट. टेकडी दिसली म्हणजे हवा चांगली, असं मात्र म्हणता येत नाही. आरोग्याच्या मानाने हवा बिघडायला लागते तेव्हा डोळ्यांना अजून काहीच कळलेलं नसतं.

संध्याकाळची खूण त्याहून ठळक आहे. स्वच्छ हवेत सूर्य समुद्रात बुडतो. त्या हिवाळ्यात तो बुडतच नव्हता. क्षितिजाच्या बराच वर असतानाच तांबूस, मग मळका होऊन तिथल्या तिथे नाहीसा व्हायचा. जुहूला, दादर चौपाटीला रोज संध्याकाळी शेकडो माणसं हे पाहत होती.

वारा पडला होता

एवढा साठा जमला का, याचं उत्तर धुराड्यांत जितकं आहे तितकंच वाऱ्यात आहे. त्या वर्षी मुंबईत वाहनं किंवा बांधकामं एकदम दुप्पट झालेली नव्हती. शहर रोज जेवढी घाण हवेत सोडतं तेवढी आधीही सोडतच होतं, थोडीफार वाढ धरून. बदलला तो निचरा.

हिवाळ्याच्या रात्री जमीन झपाट्याने निवते, जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येतो. नेहमी असतं त्याच्या उलट. थंड हवा जड, ती वर जात नाही. सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. हिशेब साधा आहे : दुपारी हजार मीटर उंचीत पसरणारा धूर पहाटे दोनशे मीटरच्या थरात कोंडला, तर तेवढ्याच धुराची तीव्रता पाचपट होते. हे दरवर्षी घडतं. मुंबईला वाचवायचा तो आडवा वारा. एरवी हिवाळ्यातही तीन-चार दिवसांनी वाऱ्याची दिशा जोरात पालटायची आणि साठलेलं समुद्रावर निघून जायचं.

त्या हिवाळ्यात ही पालट लांबली. 'सफर' या हवा-अंदाज प्रकल्पाचे संस्थापक गुफ्रान बेग यांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाशी, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याशी, जोडला. २०२० ते २०२३ अशी तीन वर्षं प्रशांत महासागरावर ला निना होता, आणि त्यामुळे भारतावरच्या वाऱ्यांची घडी बदलली. बेग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या शहरांची हवा नेहमीपेक्षा सुधारलेली आढळली आणि मुंबईत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचं प्रमाण, सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. दिल्लीपेक्षा मुंबई वाईट, या न पटणाऱ्या बातमीमागचं हे एक कारण.

हे शास्त्र माहीत नसलं तरी वारा पडल्याचं कळतं. गच्चीवरचे कपडे दुपारीही लोंबतात. झेंडा काठीला चिकटून असतो. धुराड्याचा धूर सरळ वर जाऊन एका उंचीवर छत लागल्यासारखा आडवा पसरतो. हे शेवटचं चिन्ह दिसलं की झाकण कुठे आहे ते डोळ्यांनी पाहता येतं. सकाळच्या लोकलमधून ठाण्याकडून येताना कधी बाहेर लक्ष दिलं तर हा आडवा पट्टा दिसेल. सलग तीन दुपारी वारा पडलेला असेल तर चौथ्या सकाळी हवा वाईटच असणार, आकडा पाहण्याआधीच सांगता येईल.

नाकावर भरवसा का चालला नाही

मुंबईला वाईट हवा आधी माहीत नव्हती असं नाही. २०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचराभूमीला आग लागली. १९२७ पासून कचरा पोटात घेणारी ती जागा दिवसेंदिवस धुमसत राहिली. धुराचा लोट नासाच्या उपग्रहचित्रात दिसला, महापालिकेने आसपासच्या शाळा बंद ठेवल्या. त्या वेळी कुणाला निर्देशांक पाहावा लागला नाही. चेंबूर-गोवंडीत लोक रात्री वासाने जागे होत होते.

२०२२-२३ मध्ये असा वास नव्हता, आणि म्हणूनच बहुतेकांना धोका वाटला नाही. जळक्या कचऱ्याला वास असतो, डिझेलला असतो, माहुलच्या बाजूला रसायनांचा असतो. पण वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेट-नायट्रेटचे बारीक कण नाकाला कळत नाहीत, कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. शिवाय नाक सवयीने लवकर बधिर होतं. रस्त्यालगत राहणाऱ्याला दोन दिवसांत डिझेल जाणवेनासं होतं.

नाकाचा उपयोग आहे तो स्रोत ओळखायला. रात्री अकरानंतर खिडकीतून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर जवळपास कुणीतरी कचरा पेटवलाय. पहाटे लाकडाचा धूर आला तर बेकरीची भट्टी असेल, नाहीतर वॉचमनची शेकोटी. शेकोटीबद्दल आपल्याकडे फार सहज रागावलं जातं. रात्रभर गेटवर बसणाऱ्या माणसाला थंडी वाजते, म्हणून तो पुठ्ठे, लाकडाच्या फळ्या, कधी थर्माकोल जाळतो आणि त्या धुराचा सगळ्यात पहिला श्वास तोच घेतो. त्याला केबिन, ब्लँकेट आणि एखादा छोटा हीटर देणं सोसायटीच्या आवाक्यातलं आहे. थर्माकोलचा वास आला की मी आधी चौकशी करतो ती या गोष्टींची.

बोटावरची धूळ

त्या हिवाळ्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त तक्रारी होत्या धुळीच्या. सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी पुन्हा मळकं. तुळशीच्या पानांवर थर. मेट्रो, सागरी किनारा रस्ता, गल्लोगल्ली चाललेला पुनर्विकास. महापालिकेच्याच म्हणण्यानुसार शहरात सुमारे सहा हजार बांधकामं चालू होती.

ही धूळ वाचता येते. पांढरं ओलं फडकं घ्यावं आणि बाल्कनीच्या कठड्यावरून एकदाच फिरवावं. तांबूस, खरखरीत डाग आला तर माती : शिवाजी पार्कच्या मैदानातल्या लाल मातीपायी तिथले रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत, तो हा रंग. फिकट राखाडी, पिठासारखी भुकटी आली आणि पाणी लागून वाळल्यावर ती कडक पापडी धरत असेल तर सिमेंट, म्हणजे जवळ आरएमसी (तयार काँक्रीट बनवणारा) प्लांट, तोडकाम किंवा ताडपत्री न घातलेल्या डंपरचा रस्ता आहे. आणि काळा, तेलकट, फडक्यावर पसरत जाणारा, नुसत्या पाण्याने न निघता साबणच मागणारा डाग आला तर ती काजळी आहे : डिझेल, भट्टी किंवा जाळलेला कचरा. आमच्या कठड्यावर त्या महिन्यांत राखाडी आणि काळा, दोन्ही यायचे. रस्त्याकडच्या खिडकीत काळा जास्त, मागच्या बाजूला जिथे जुनी इमारत पाडत होते तिथे राखाडी.

पण इथे एक मोठी गफलत होते. जी धूळ खाली बसते ती जाड असते. तिच्यातला बराचसा भाग नाकात, घशात अडकतो. खोल फुप्फुसात आणि तिथून रक्तात जाणारे पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. ते दिवसेंदिवस हवेतच तरंगतात आणि कठड्यावर सहसा बसत नाहीत. म्हणजे टेबल स्वच्छ आहे म्हणून हवा स्वच्छ, असं होत नाही. रस्त्यावर पाणी मारलं की धूळ दबते, लोकांना बरं वाटतं, बारीक कणांना मात्र त्याने विशेष फरक पडत नाही. त्यानंतरच्या वर्षी महापालिकेने रस्ते धुण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर काढली. धुळीसाठी ती योग्यच होती. माझं मन त्यात रमलं नाही, कारण काळ्या डागाचा उगम तिने बंद होत नव्हता.

एकाच हवेचे दोन आकडे

आता आकड्याकडे. लोकांचा इथेच सगळ्यात जास्त गोंधळ झाला, आणि तो त्यांच्या चुकीने झाला असं मला वाटत नाही.

भारताचा राष्ट्रीय निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा त्या ठिकाणचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिखराब आणि त्यावर गंभीर. मुंबईच्या हिवाळ्यात बहुतेक वेळा हा आकडा पीएम २.५ किंवा पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) ठरवतं. आकड्याशेजारी मुख्य प्रदूषक कोणतं ते लिहिलेलं असतं. ते जरूर पाहावं. पीएम १० असेल तर धुळीकडे बोट, पीएम २.५ असेल तर जळण आणि धुराकडे.

समजा दिवसभराची सरासरी एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहे. आपल्या मोजपट्टीवर हा आकडा १०० होतो : समाधानकारक वर्गाची वरची कड. हीच हवा अमेरिकन मोजपट्टी वापरणाऱ्या ॲपवर १५० च्या पुढे, लाल रंगात दिसते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार दिवसाची पातळी १५ असावी, म्हणजे ६० ही तिच्या चौपट. नवऱ्याच्या फोनवर हिरवट, बायकोच्या फोनवर लाल, आणि दोघंही खरे, असं घरोघर होत होतं. उपाय एकच : ॲप कुठलंही असो, निर्देशांकापेक्षा पीएम २.५ ची मायक्रोग्रॅममधली पातळी बघायची. ती सगळीकडे सारखी असते. साठच्या वर असेल तर आपल्या देशाची स्वतःचीच चोवीस तासांची मर्यादा ओलांडलेली आहे, रंग काहीही असो.

दुसरी अडचण सरासरीची. सरकारी निर्देशांकात कणांची चोवीस तासांची सरासरी धरलेली असते. सकाळी आठला दिसणाऱ्या आकड्यात कालची बरी दुपारही मिसळलेली असते. पहाटे पाच ते आठ हवा अत्यंत वाईट असूनही आकडा मध्यम दिसू शकतो, आणि त्याच वेळेला उद्यानांमध्ये मॉर्निंग वॉकची गर्दी असते. मोकळ्या हवेसाठी बाहेर पडणारी माणसं दिवसातली सगळ्यात कोंडलेली हवा धापा टाकत आत घेत होती. तासागणिक आलेख पाहिला तर हे लगेच कळतं. हिवाळ्यात फिरायला जायचं तर दुपारचा वारा सुटल्यावर, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत.

तिसरी अडचण ठिकाणाची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचा 'सफर' प्रकल्प मुंबईत २०१५ पासून आहे. त्याची केंद्रं कुलाबा, माझगाव, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, चेंबूर, अंधेरी, मालाड, बोरिवली, भांडुप आणि नवी मुंबई अशी पसरलेली. एकाच दिवशी यातल्या दोन केंद्रांत शंभर-शंभर अंकांचा फरक पडू शकतो. 'आज मुंबईचा निर्देशांक इतका' ही बातमी म्हणून ठीक आहे, घरातल्या दम्याच्या पेशंटसाठी ती कामाची नाही. आपल्या जवळचं केंद्र पाहावं, आणि मधे आरएमसी प्लांट किंवा तोडकाम असेल तर प्रत्यक्ष हवा त्याहून वाईट धरावी.

"ताप नाही, सर्दी नाही"

शेजारच्या काकूंचं म्हणणं हेच होतं. "ताप नाही, सर्दी नाही, खोकला मात्र जाता जात नाही बघ. व्हायरलच असणार." त्या हिवाळ्यात मुंबईत हे वाक्य घरोघरी ऐकू येत होतं, आणि श्वसनाच्या तक्रारी वाढल्याचं डॉक्टरही सांगत होते. विषाणूंची साथही असते, ती नाकारायचं कारण नाही. घाण हवेने सुजलेल्या श्वासनलिकेला संसर्ग लवकर होतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांचा हात धरूनच येतात.

तरी काही धागे वेगळे काढता येतात. संसर्गाला बहुधा सुरुवात आणि शेवट असतो : कणकण, अंगदुखी, मग उतार. हवेचा त्रास दिवसाच्या वेळेनुसार आणि जागेनुसार बदलतो. उठल्याबरोबर घसा खरवडल्यासारखा वाटतो, डोळे चुरचुरतात, कोरडा खोकला येतो, दुपारी जरा बरं वाटतं, रात्री पुन्हा सुरू. काकूंच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मला फार नेमका वाटला : "गावाला गेला होतात तेव्हा कसं होतं?" लग्नासाठी त्या साताऱ्याकडे गेल्या होत्या, तिथे खोकला जवळजवळ थांबला होता. परत आल्यावर दोनच दिवसांत पुन्हा चालू. कामाच्या जागेमुळे होणारा दमा ओळखायलाही डॉक्टर असंच विचारतात, की सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का.

दमा असलेल्यांसाठी सगळ्यात चांगलं मोजमाप त्यांच्या हातातच असतं : तातडीचा पंप किती वेळा लागला. नेहमीपेक्षा वारंवार लागायला लागला तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावं. जिना चढताना नेहमीच्या मजल्याच्या आधीच थांबावं लागणं, रात्री खोकल्याने जाग येणं, छातीत घरघर, मुलांनी खेळ मधेच सोडून बसणं, या खुणा 'थंडीमुळे' म्हणून सोडून देऊ नयेत. बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा पंप घेऊनही दम कमी होत नसेल, तर निर्देशांक न पाहता थेट हॉस्पिटल गाठावं. घाण हवेचा ताण हृदयावरही येतो, छातीतलं दुखणं केवळ खोकल्याचं समजणं धोक्याचं आहे.

मास्कबद्दल थोडक्यात. कापडी मास्क आणि रुमाल धुळीला अडवतात, बारीक कणांना फारसे नाही. एन-९५ अडवतो, पण गालाला फट न ठेवता बसला तरच.

खिडकी लावली, आत कॉइल पेटवली

एक गोष्ट त्या हिवाळ्याच्या चर्चेत जवळजवळ आलीच नाही. हवा वाईट म्हणून लोकांनी खिडक्या लावल्या, आणि बंद घरात डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती चालूच राहिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले होते. देवघरातल्या कवडशात धूर आडवा तरंगत राहिलेला दिसला आणि दहा मिनिटांनीही तसाच असला, तर घरातही वारा पडलेलाच आहे. अशा दिवसांत खिडक्या दुपारी उघडाव्यात आणि पहाटे-रात्री बंद ठेवाव्यात. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा चालू. कॉइलऐवजी मच्छरदाणी. पूजेला एक निरांजन पुरेसं आहे, असं मी आमच्या घरी आग्रहाने सांगतो.

नंतर

मार्च २०२३ मध्ये महापालिकेने वायुप्रदूषण कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. तोवर उन्हाळी वारे सुटले होते आणि विषय मागे पडला. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरताच हवा पुन्हा बिघडली. २५ ऑक्टोबर २०२३ ला महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली : मोठ्या साइटभोवती ३५ फूट उंच पत्रे, हिरवी जाळी, पाण्याचे फवारे, राडारोडा नेणाऱ्या गाड्यांवर ताडपत्री, चाकं धुणं. आठवड्याभरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सुनावणी सुरू केली आणि दिवाळीत फटाक्यांच्या वेळेवर बंधन घातलं. ३० डिसेंबर २०२४ ला आयुक्त भूषण गगराणी यांनी त्याहून कडक पाऊल उचललं : निर्देशांक २०० च्या वर राहिल्यामुळे भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं बंद. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला मुदत घालून दिली.

ही पावलं मोलाची आहेत. एक उणीव मात्र मला टोचते. बंदी येते ती सरासरी आकडा सीमारेषेपलीकडे जाऊन तिथे राहिल्यावर. म्हणजे माणसांनी ती हवा कित्येक दिवस आत घेऊन झाल्यावर. वारा पडणार आहे हे मात्र आधी कळतं : 'सफर' पुढच्या एक ते तीन दिवसांचा अंदाज देतं. तो अंदाज वाईट आला त्याच संध्याकाळी वॉर्ड ऑफिसने आरएमसी प्लांट आणि तोडकामं थांबवायला हवीत, डंपर नाक्यावर तपासायला हवेत, शाळांनी सकाळची पीटी दुपारवर न्यायला हवी. २०२३ च्या नियमावलीत पत्र्याची उंची फुटांत लिहिलेली आहे. अंदाज आल्यावर किती तासांत काम थांबवायचं, हेही तितक्याच स्पष्ट आकड्यात लिहून घेण्यासाठी आपण नगरसेवकांच्या आणि वॉर्ड ऑफिसच्या मागे लागायला हवं, आणि ते काम ऑक्टोबर उजाडण्याआधीच करावं लागेल.